इस्राएलचं राज्य आणि त्याची राजधानी शोमरोन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबल वाचायला घेतलेली माणसं ‘राजे’ या दोन पुस्तकांपाशी आली की अडखळतात. दोन राज्यं, दोन राजधान्या, सारख्या नावांचे राजे, आणि वर ‘इस्राएल’ या एकाच शब्दाचे तीन-चार अर्थ. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. नावं मराठी बायबलमधल्या रूढ रूपात दिली आहेत.

१. ‘इस्राएलचं राज्य’ म्हणजे दावीद-शलमोनाचंच राज्य ना? मग ‘यहूदा’ वेगळं कुठून आलं?

दावीद आणि शलमोन यांच्यापुरतं राज्य एक होतं. सुमारे इ.स.पू. ९३० मध्ये शलमोन वारला आणि वाटण्या झाल्या. त्याचा मुलगा रहबाम राजा म्हणून मान्यता घ्यायला उत्तरेत शखेमला गेला, तेव्हा लोकांचं मागणं एकच होतं: तुझ्या बापाने लादलेली वेठ जरा हलकी कर. जुन्या सल्लागारांनी नमतं घ्यायला सांगितलं, बरोबर वाढलेल्या मित्रांनी ताणून धरायला सांगितलं. रहबामाने मित्रांचं ऐकलं. बापाने चाबकाने मारलं, मी विंचवांनी मारीन, असं भर सभेत बोलून बसला (१ राजे १२). इस्राएलच्या बारा वंशांपैकी दहा वंश उठून गेले. वसुलीसाठी पाठवलेल्या अधिकाऱ्याला लोकांनी दगडांनी ठेचून मारलं आणि राजा रथात उडी मारून यरुशलेमला पळाला.

उत्तरेच्या दहा वंशांनी राजा केला यराबामाला. हा एके काळी शलमोनाच्याच वेठबिगारांवरचा मुकादम. तेव्हापासून उत्तरेचं राज्य ‘इस्राएल’ आणि दक्षिणेचं ‘यहूदा’. ‘राजे’ वाचताना बाराव्या अध्यायापासून पुढे ‘इस्राएलचा राजा’ दिसला की बहुतेक वेळा उत्तरेचा समजावा. संदेष्टे, म्हणजे देवाचा निरोप सांगणारे, याच राज्याला कधी कधी त्यातल्या एका मोठ्या वंशावरून ‘एफ्राईम’ म्हणतात.

२. शोमरोन हे शहर आहे, प्रांत आहे की राज्य? आणि समारिया, सेबास्ते ही वेगळी गावं का?

शोमरोन आधी डोंगर, मग त्यावरचं शहर, मग शहराभोवतीचा मुलूख. इब्री नाव ‘शोमरोन’, त्याचंच ग्रीक वळण ‘समारिया’. मराठी बायबलने इब्री रूप ठेवल्यामुळे मराठी वाचक मूळ उच्चाराच्या जास्त जवळ आहे, ही एक बरी गोष्ट. सेबास्ते हे त्याच जागेचं रोमन काळातलं नाव (प्रश्न १४). राज्य पडल्यावर अश्शूरी (असिरियन) लोकांनी इथे प्रांत केला, तोही याच नावाचा. येशूच्या काळात ‘शोमरोन’ म्हणजे यहूदिया आणि गालील यांच्या मधला सगळा पट्टा.

३. यरुशलेम असताना नवी राजधानी कशाला हवी होती?

यरुशलेम दावीदाच्या घराण्याकडे राहिलं. यराबामाने आधी शखेम बांधून घेतलं. पुढे तिरसा राजधानी झाली. ती इतकी देखणी असावी की बायबलमधल्या गीतरत्न या प्रेमकाव्यात प्रेयसीच्या रूपाला तिची उपमा आहे. तिथल्या एका सत्तापालटात जिम्री नावाच्या सरदाराने राजाला मारून गादी घेतली. ती सात दिवस टिकली. सैन्याने अम्री या सेनापतीला राजा केलं, त्याने तिरसेला वेढा दिला, आणि जिम्रीने राजवाडा स्वतःवर पेटवून घेतला.

अम्री सहा वर्षं तिरसेत राहिला आणि मग शेमेर नावाच्या माणसाकडून दोन किक्कार चांदी देऊन एक डोंगर विकत घेतला (१ राजे १६:२४). दोन किक्कार म्हणजे साधारण साठ-सत्तर किलो चांदी. त्या शेमेरावरून नाव शोमरोन पडलं, असं पुस्तक सांगतं. त्याच धातूचा अर्थ राखणं, पहारा देणं असाही होतो, आणि सगळीकडे नजर जाईल अशा डोंगराला तो शोभतो.

जागा हेरणारा माणूस सेनापती होता, हे लक्षात ठेवलं की निवड कळते. समुद्रसपाटीपासून सुमारे ४३० मीटर उंचीचा सुटा डोंगर, चहूबाजूंनी दरी, त्यामुळे वेढा घालणाऱ्याचा घाम निघावा. तिरसेचं तोंड पूर्वेला यार्देन नदीकडे. शोमरोनचं पश्चिमेला समुद्राकडे आणि सोर-सीदोन या बंदरांच्या व्यापाऱ्यांकडे. शिवाय जागा स्वतःच्या पैशाने घेतलेली, म्हणून कुठल्याही वंशाचा तिच्यावर जुना हक्क नाही. दावीदाने यरुशलेम जिंकून घेतलं होतं, अम्रीने आपली राजधानी रोख मोजून घेतली.

४. अम्री एवढा मोठा होता, तर बायबलमध्ये त्याच्यावर पाच-सहाच वचनं का?

मला विचाराल तर या सगळ्या विषयाची गोम इथेच आहे. ‘राजे’ची पुस्तकं यहूदाच्या, म्हणजे यरुशलेमच्या बाजूने लिहिलेली आहेत, आणि त्यांच्याकडे मोजपट्टी एकच: राजाने परमेश्वराची उपासना एकट्या यरुशलेमच्या मंदिराशी बांधून ठेवली का? उत्तरेचा कुठलाच राजा त्यात बसणं शक्य नव्हतं. म्हणून जवळजवळ प्रत्येकाच्या नावापुढे तेच पालुपद येतं, की याने परमेश्वराच्या दृष्टीने वाईट ते केलं आणि यराबामाची पापं सोडली नाहीत. अम्रीला सहा वचनांत आटोपलं आहे आणि त्याच्या पराक्रमासाठी दुसऱ्या बखरीकडे बोट दाखवलं आहे. ती बखर आज उरलेली नाही.

परक्यांचे दगड मात्र बोलतात. मवाबाचा राजा मेशा याचा शिलालेख १८६८ मध्ये यार्देनपलीकडे दीबानला सापडला, आज तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. इस्राएलचा राजा अम्री याने मवाबाला बराच काळ दडपून ठेवलं, असं तो शत्रू स्वतः लिहितो. अश्शूरी लेखांत तर हे राज्य ‘अम्रीचं घराणं’ म्हणूनच येतं, अगदी घराणं बुडून शंभरेक वर्षं झाल्यावरही. अश्शूरच्या निमरूद शहरात सापडलेल्या काळ्या स्तंभावर राजा येहू ‘अम्रीचा पुत्र’ म्हणून नोंदला आहे. आणि अम्रीचं घराणं मुळासकट कापून काढलं ते याच येहूने!

५. यराबामाची सोन्याची वासरं ही मूर्तिपूजाच होती ना?

पुस्तकाचं उत्तर सरळ ‘हो’ आहे. लोक सणासाठी यरुशलेमला जाऊ लागले तर मनंही तिकडेच वळतील, या भीतीने त्याने दक्षिण टोकाला बेथेल आणि उत्तर टोकाला दान इथे एकेक वासरू बसवलं.

अभ्यासकांपैकी अनेकांना वाटतं की वासरू हा देव नव्हता, देवाचं आसन होतं. यरुशलेमच्या मंदिरातही करूबांच्या, म्हणजे पंखवाल्या स्वर्गीय प्राण्यांच्या, पंखांवर अदृश्य देव बसतो अशीच कल्पना होती. महादेवापुढचा नंदी रोज पाहणाऱ्या मराठी माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही, तुलना तेवढ्यापुरतीच. पण वाहनाची पूजा व्हायला वेळ लागत नाही, हेही खरं. पुढे संदेष्टा होशेय ‘शोमरोनच्या वासरा’वर तुटून पडतो: कारागिराने केलेली वस्तू ती, देव कसली?

६. अहाब आणि ईजबेल खरंच इतके वाईट होते का?

अहाब हा अम्रीचा मुलगा, ईजबेल सीदोनच्या राजाची मुलगी. लग्न राजकारणाचं होतं. तिच्याबरोबर बआल दैवत आलं आणि शोमरोनात त्याचं मंदिर उभं राहिलं. त्यावरून एलीया संदेष्ट्याशी जुंपली: दुष्काळ, कर्मेल डोंगरावरचा अग्नी, बआलाच्या ४५० संदेष्ट्यांचा शेवट, आणि मग ईजबेलच्या धमकीने एलीयाचं रानात पळणं.

तरी चित्र एकरंगी नाही. अहाबाच्या मुलांची नावं अहज्या आणि योराम, म्हणजे दोन्हींत परमेश्वराचंच नाव. त्याचा वाड्यावरचा कारभारी ओबद्या परमेश्वराच्या शंभर संदेष्ट्यांना गुहेत लपवून जेवू घालत होता. युद्धात तर अहाब कच्चा नव्हताच. इ.स.पू. ८५३ मध्ये कर्कार इथे अश्शूरच्या राजाला अडवायला बारा राजे एकवटले, त्यांत ‘इस्राएली अहाब’चे २,००० रथ आणि १०,००० पायदळ होतं, असं अश्शूरी शिलालेख मोजून सांगतो. रथांचा आकडा फुगवलेला असेलही, पण त्या यादीत सर्वांत जास्त रथ त्याचेच आहेत. बायबलमध्ये या लढाईचा शब्दही नाही.

बायबलला त्याचा खरा गुन्हा दिसतो तो इज्रेलच्या नाबोथाच्या मळ्यात. राजवाड्याला लागून असलेला द्राक्षमळा भाजीपाल्यासाठी हवा म्हणून राजा मोबदला देऊ करतो, आणि नाबोथ म्हणतो की वाडवडिलांचं वतन देणार नाही. राजा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपतो, जेवत नाही. मग ईजबेल राजाच्या शिक्क्याची पत्रं धाडते, खोटे साक्षीदार उभे करते आणि नाबोथाला धोंडमार होते. जमीन आणि वतन यांवरून काय काय होतं, हे गावाकडच्या माणसाला कुठल्याही भाष्याशिवाय कळतं. (अहाबाच्या मरणाचा तिढा प्रश्न १३ मध्ये.)

७. अहाबाचं ‘हस्तिदंती घर’ खरंच होतं?

भिंती हस्तिदंताच्या नव्हत्या, पण हस्तिदंत भरपूर होतं. १९०८ ते १९१० या काळात हार्वर्ड विद्यापीठाने इथे उत्खनन केलं आणि १९३० च्या दशकात दुसऱ्या संयुक्त मोहिमेने. त्या दुसऱ्या मोहिमेत हस्तिदंताचे शेकडो कोरीव तुकडे मिळाले: कमळं, पंखवाले स्फिंक्स, इजिप्तचा बाळ होरस. हे पलंगांवर आणि आसनांवर जडवण्याचं काम.

मला मात्र पहिल्या मोहिमेत सापडलेली खापरं जास्त बोलकी वाटतात. मडक्याच्या फुटक्या तुकड्यांवर शाईने लिहिलेल्या या पावत्या आहेत. अमुक वर्षी, अमुक गावाहून, गद्दियावसाठी, जुन्या द्राक्षारसाचा एक बुधला. किंवा ‘धुतलेल्या’ तेलाचा एक बुधला. बस्स, एवढंच. आणि या पावत्यांवरच्या माणसांची नावं पाहावीत: कुणाच्या नावात परमेश्वर, कुणाच्या नावात बआल, आणि एकाच कोठारात दोघांचा हिशेब. एलीया ज्यावरून जिवावर उदार झाला, ती सरमिसळ त्यानंतरच्या काळातही रोजच्या कारकुनीत अशी दिसते.

८. वेढ्यात गाढवाचं डोकं ऐंशी शेकेलला विकलं गेलं, याचा अर्थ काय?

२ राजे ६ मधला हा वेढा अरामाचा (सीरियाकडचा) राजा बेन-हदाद याने घातलेला आहे. शेवटचा वेढा नव्हे (तो प्रश्न १० मध्ये). शेकेल साधारण ११ ग्रॅमचा धरला तर ऐंशी शेकेल म्हणजे पाऊण किलोहून जास्त चांदी. तीही अशा जनावराच्या डोक्याला, जे नियमशास्त्राप्रमाणे खायलाच चालत नाही आणि ज्यात मांस जवळजवळ नाही. ओंजळभर ‘कबुतराची विष्ठा’ पाच शेकेलला जाते. ते कुठल्याशा हलक्या कंदाचं किंवा शेंगांचं बोली नाव असावं, असंही काहींचं मत आहे. तटावरून फिरणाऱ्या राजाला एक बाई हाक मारून गाऱ्हाणं सांगते, ते इथे लिहवत नाही; २ राजे ६:२८-२९ पाहा. राजा कपडे फाडतो, आणि लोकांना दिसतं की आत त्याने अंगाला गोणपाट लावलेलं आहे.

सुटकेची बातमी आणतात ते वेशीबाहेरचे चार कुष्ठरोगी. आत गेलो तर उपाशी मरू, इथे बसलो तरी मरू, मग शत्रूच्या छावणीत जाऊन पाहू, असा त्यांचा हिशेब. छावणी रिकामी! ते एका तंबूत शिरून खातात-पितात, सोनं-चांदी पुरून येतात, दुसऱ्या तंबूतलंही नेतात, आणि मग एकमेकांना म्हणतात, आपण करतोय हे बरं नाही, आज शुभवार्तेचा दिवस आहे आणि आपण गप्प बसलोय. दुसऱ्या दिवशी वेशीवर सपीठ एका शेकेलला मापभर मिळू लागतं, एलीयाचा शिष्य अलीशा संदेष्ट्याने सांगितलं होतं तसंच.

९. आमोस आणि होशेय यांचा शोमरोनशी संबंध काय?

दोघेही दुसऱ्या यराबामाच्या काळातले, म्हणजे इ.स.पू. आठव्या शतकातले. ४१ वर्षांची राजवट, सीमा रुंदावलेल्या, व्यापार तेजीत. आमोस तर दक्षिणेतल्या तकोवाचा मेंढपाळ, उंबराच्या जातीच्या झाडांची निगा राखणारा. तो उत्तरेत येऊन सांगतो, की हस्तिदंती पलंगांवर लोळणाऱ्यांनो, तुम्ही गरिबाला एका जोड्यासाठी विकता. शोमरोनच्या श्रीमंत बायकांना तो ‘बाशानच्या गाई’ म्हणतो. बेथेलच्या याजकाने त्याला आपल्या देशी जाऊन पोट भरायला सांगितलं, यात नवल नाही. होशेय उत्तरेतलाच, म्हणून त्याच्या बोलण्यात राग आणि माया एकत्र येतात. बेइमान बायकोला परत घरी आणणाऱ्या नवऱ्याचं त्याचं रूपक तर प्रसिद्धच आहे.

१०. शोमरोन नेमकं कधी पडलं? कुणी पाडलं? प्रत्येक पुस्तकात वेगळं दिसतं.

कारण मूळ साधनांतच दोन दावेदार आहेत. शेवटचा राजा होशे याने अश्शूरची खंडणी बंद करून इजिप्तकडे दूत धाडले. शल्मनेसर (पाचवा) चालून आला आणि वेढा तीन वर्षं चालला. बायबल (२ राजे १७) आणि बाबेलची बखर दोन्ही शल्मनेसराचं नाव घेतात, इ.स.पू. ७२२ च्या सुमारास तो मेला. पुढचा राजा सर्गोन (दुसरा) आपल्या शिलालेखांत म्हणतो की शोमरोन मी घेतलं आणि २७,२९० माणसं नेली. शहर आधी शल्मनेसराने घेतलं, मग बंड झालं आणि सर्गोनाने इ.स.पू. ७२० च्या आसपास ते मोडून लोक हलवले, अशी सांगड बहुतेक जण घालतात. परीक्षेत किंवा प्रवचनात ‘७२२/७२१’ म्हटलं तर कुणी चूक काढणार नाही.

११. मग ते दहा वंश गेले कुठे? आपले बेने इस्राएल त्यांचेच वंशज का?

नेलेले लोक हलह, गोजानची हाबोर नदी आणि मेदी लोकांची नगरं इथे वसवले, एवढं बायबल सांगतं. पण सगळे नेलेच नाहीत. २७,२९० ही अख्ख्या राज्याची लोकसंख्या नव्हे. कित्येक जण शेतावरच राहिले, कित्येक दक्षिणेला पळाले. त्याच सुमारास यरुशलेम एकदम फुगलेलं उत्खननात दिसतं. पुढे यहूदाचा राजा हिज्कीया वल्हांडण सणासाठी उत्तरेत निरोप धाडतो तेव्हा काही हसतात, काही येतात (२ इतिहास ३०). नव्या करारात मंदिरातली म्हातारी हन्ना ही आशेर वंशातली, म्हणजे ‘हरवलेल्या’ वंशातली आहे.

कोकणातल्या बेने इस्राएलांची परंपरा सांगते की पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकऱ्यांनी नाव ठेवलं ‘शनिवार तेली’. ते निघाले कधी, याबद्दल समाजातच एकाहून जास्त कथा आहेत. एक दहा वंशांशी जोडते, दुसरी बरीच नंतरची, इ.स.पू. दुसऱ्या शतकातली. लेखी पुरावा दोन्हींना नाही. मिझोराम-मणिपूरचे बने मनश्शे आपलं नातं मनश्शेच्या वंशाशी सांगतात, इथिओपियाचे यहूदी दान वंशाशी.

पण शोमरोनच्या गोष्टीतला एक माणूस बेने इस्राएलांच्या घराघरांत आहे, याला पुरावा लागत नाही. तो म्हणजे एलीया, त्यांचा एलियाहू हन्नाबी. नवस फेडायला किंवा शुभकार्याआधी ‘मलिदा’ करतात: भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, फळं, आणि इब्री प्रार्थना. अलिबाग तालुक्यातल्या खंडाळ्याला खडकावरच्या खुणा म्हणजे स्वर्गात जाणाऱ्या त्याच्या रथाच्या, अशी श्रद्धा आहे. अहाबाशी भांडलेल्या संदेष्ट्याला असं पोह्यांचं ताट दुसरीकडे कुठे मिळत असेलसं वाटत नाही.

१२. येशूच्या गोष्टीतले शोमरोनी कोण? ते आजही आहेत म्हणतात, खरं का?

खरं आहे. साधारण आठ-नऊशे माणसं आहेत, निम्मी नाब्लुसजवळ गरिज्जीम डोंगरावर, बाकीची तेल अवीवजवळच्या होलोनात.

ते कोण, याची दोन उत्तरं आहेत. २ राजे १७ म्हणतं की अश्शूरच्या राजाने बाबेल, कूथा, हमाथ अशा ठिकाणांहून परके लोक आणून वसवले. सिंह त्यांना खाऊ लागले म्हणून एक याजक परत पाठवला, आणि ते परमेश्वरालाही भजू लागले, आपापल्या दैवतांनाही. शोमरोनी हे साफ नाकारतात. आम्ही एफ्राईम आणि मनश्शे या वंशांचे, फूट पाडली ती एली याजकाने, आणि आमच्या नावाचा अर्थ ‘नियमशास्त्र राखणारे’, असं ते म्हणतात. राखणं हा तोच धातू, प्रश्न ३ मधला.

मोशेची पाच पुस्तकं तेवढी ते मानतात, तीही जुन्या इब्री वळणाच्या लिपीत. पवित्र जागा यरुशलेम नव्हे, गरिज्जीम. तिथलं त्यांचं मंदिर यहूदी राज्यकर्ता आणि मुख्य याजक योहान हुर्कान याने इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस पाडलं. ती जखम लक्षात घेतली की विहिरीवरची शोमरोनी बाई येशूला ‘या डोंगरावर की यरुशलेमात?’ हेच का विचारते ते कळतं (योहान ४). वाटेत लुटलेल्या माणसाला उचलणारा शोमरोनी (लूक १०) हाही ऐकणाऱ्यांच्या मते ‘चांगला’ असण्याची शक्यताच नसलेला माणूस होता. आपण ‘चांगला शोमरोनी’ इतक्या सहज म्हणतो की गोष्टीतली नांगी गेली आहे.

१३. ‘राजे’मध्ये शोमरोनबद्दल चुका आहेत का? दोन ठिकाणी मेळ बसत नाही.

विचारली जातात ती हीच दोन ठिकाणं. पहिलं: १ राजे १३:३२ मध्ये, यराबामाच्याच काळात, एक संदेष्टा ‘शोमरोनच्या नगरां’चा उल्लेख करतो, आणि शहर तर पुढे अम्री बांधणार! लिहिणारा नंतरच्या काळातला आहे आणि वाचकाला कळेल ते नाव वापरतो. ‘शिवाजी महाराजांच्या वेळी महाराष्ट्र राज्यात’ असं आपल्याही तोंडून निघतं, तसंच ते.

दुसरं: नाबोथाचं रक्त कुत्र्यांनी चाटलं तिथेच तुझंही चाटतील, असं एलीया अहाबाला सांगतो. नाबोथ मेला इज्रेलात, अहाबाचा रथ धुतला शोमरोनच्या तळ्यावर. पण मधे अहाब पश्चात्ताप करतो आणि शिक्षा मुलाच्या काळावर ढकलली जाते (१ राजे २१:२९). पुढे येहू योरामचं प्रेत मुद्दाम नाबोथाच्याच शेतात टाकायला लावतो. तरी शिवण दिसते. दोन परंपरा जोडल्या असाव्यात.

१४. पडल्यानंतर शहराचं काय झालं?

अश्शूर, बाबेल, इराण यांच्या हाताखाली ते प्रांताचं ठाणं राहिलं. अलेक्झांडरच्या सुभेदाराला लोकांनी जाळलं, त्याचा सूड म्हणून तिथे मासेदोनी शिपाई वसवले गेले. योहान हुर्कानाने शहर उद्ध्वस्त केलं. मग रोमनांच्या हाताखालचा राजा हेरोद याने ते नव्याने बांधून सम्राट ऑगस्टसच्या नावाने ‘सेबास्ते’ केलं. ग्रीकमध्ये ऑगस्टस म्हणजे सेबास्तोस. राजवाड्याच्या जुन्या पायावरच सम्राटाचं मंदिर आलं. आपल्याच दोन मुलांना हेरोदाने इथे गळा आवळून मारवलं. प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये फिलिप्प शोमरोनात उपदेश करतो आणि जादूगार शिमोन पैसे देऊन पवित्र आत्म्याचं सामर्थ्य विकत मागतो.

१५. मुसलमानांनाही ही जागा महत्त्वाची आहे का?

आहे. एलीया कुराणात इल्यास म्हणून येतो आणि बआलाला हाक मारणाऱ्यांना खडसावतो. अलीशा अल-यसा म्हणून. शिवाय बाप्तिस्मा करणारा योहान, म्हणजे नबी यह्या, याची कबर इथे असल्याची श्रद्धा ख्रिस्ती आणि मुसलमान दोघांचीही. क्रूसेडच्या काळातल्या कॅथिड्रलच्या अवशेषांतच आज नबी यह्याची मशीद आहे.

१६. आज तिथे गेलं तर काय दिसतं?

गावाचं नाव सबस्तिया, वेस्ट बँकमध्ये, नाब्लुसच्या वायव्येला दहा-बारा किलोमीटरवर. हेरोदाच्या शहराचं रूप आजही त्या नावात टिकून आहे. वर चढलं की रोमन खांबांची रांग, नाट्यगृह, ऑगस्टसच्या मंदिराच्या रुंद पायऱ्या, आणि त्यांच्या आसपास खाली अम्री-अहाबाच्या वाड्याच्या भिंतींचे घडीव दगड. भोवती जैतुनाची झाडं. काळ्या स्तंभासाठी लंडनचं ब्रिटिश संग्रहालय गाठावं लागतं. सबस्तियाचं जाणं-येणं तिथल्या परिस्थितीवर अवलंबून असतं, तेव्हा निघण्याआधी चौकशी करावी.